चावल्याचं कळत नाही, श्वास मात्र थांबतो

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात उतरल्या की आमच्या गावाकडच्या मोबाइलांवर एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. कुणाच्या तरी ओल्या तळहातावर लिंबाएवढा ऑक्टोपस बसलेला असतो. आधी मळकट पिवळा दिसतो, मग अंगावर गडद निळी कडी उमटतात आणि लुकलुकायला लागतात. खाली मजकूर असतो : ‘मालवणच्या किनाऱ्यावर सापडला. चावला तर दोन मिनिटांत मृत्यू. जगात औषध नाही. सगळ्यांना पाठवा.’ गेल्या खेपेला हा मेसेज मला माझ्या भाच्याने पाठवला. तो रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जातो. खाली त्याने विचारलं होतं, “आत्ये, ह्यां खरां काय?”

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याला फोनवर उत्तर दिलं, पण ते तोकडं पडलं असं वाटत राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. व्हिडिओतला प्राणी खरा आहे. त्याचं विष जीवघेणं आहे, हेही खरं. मालवणचा पत्ता मात्र खोटा, आणि दोन मिनिटांत मृत्यू हेही खोटं. राहिलं ‘औषध नाही’ हे वाक्य. मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते, कारण ते अक्षरशः खरं आहे आणि तरीही एखाद्याचा जीव घेऊ शकतं. औषध नाही असं ऐकलं की माणसं हातपाय गाळून बसतात. या विषावर उतारा नसला तरी उपाय आहे, आणि तो किनाऱ्यावरच्या कुणालाही करता येण्यासारखा आहे.

तळहातावर मावणारा प्राणी

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस म्हणजे एकच जात नव्हे, चार-दोन जवळच्या जातींना मिळून हे नाव आहे. त्यांचं घर जपानपासून फिलिपीन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, खडकाळ समुद्रात. पश्चिमेला श्रीलंकेपर्यंत त्यांच्या नोंदी आहेत. बंगालच्या उपसागरातल्या एका जातीचं वर्णन १९३८ साली झालं, पण ती फारच दुर्मीळ. आपल्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात माकुलांबरोबर (स्क्विडांबरोबर) येणारे, बर्फात घालून बहुतेक परदेशी जाणारे ऑक्टोपस वेगळ्या जातींचे आणि अंगाने बरेच मोठे असतात.

ओळखताना दोन गोष्टींत गफलत होते. पहिली म्हणजे कडी कायम निळी नसतात. हा प्राणी निवांत असेल तेव्हा दगडासारखा भुरा दिसतो आणि कडी जेमतेम जाणवतात. त्याला डिवचलं, उचललं, घाबरवलं की तो कड्यांवरचे स्नायू सैल सोडतो आणि खालचा चकचकीत निळा थर उघडा पडतो, डबीचं झाकण उघडावं तसा. म्हणजे निळा रंग दिसायला लागतो तेव्हा आपण त्याच्या फार जवळ गेलेलो असतो. दुसरी गफलत उलट दिशेची. काही साध्या ऑक्टोपसांच्याही डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना एकेक कडं असतं. ते पाहून घाबरायचं कारण नाही. विषारी जातींच्या अंगावर आणि हातांवर कडी किंवा रेघा पुष्कळ असतात, दोनच नसतात.

हा ऑक्टोपस माणसाच्या मागे लागत नाही. बहुतेक वेळा तो चावला आहे तो कुणीतरी हातात घेतला, खिशात टाकला, अंगावर ठेवला म्हणून. २०२३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळ एका बाईने किनाऱ्यावर शिंपले वेचले, आणि त्यांतल्या एकात दडलेला ऑक्टोपस तिला पोटाला चावला. ती वाचली.

चावायला त्याच्याकडे दात नसतात, चोच असते. कोणताही ऑक्टोपस साफ करताना ती पाहता येते. आठही हात जिथे एकत्र येतात तिथे मधोमध अंगठ्याने दाबलं की काळपट तपकिरी, टणक असं काहीतरी वर येतं, अगदी पोपटाच्या चोचीसारखं. मोठ्या ऑक्टोपसाची चोच मी वर्गात मुलांना हातात धरायला दिली आहे. निळ्या कड्यांच्या या पिटुकल्याची चोच मात्र इतकी बारीक असते की चावल्याची खूण शोधूनही सापडत नाही. विष असतं त्याच्या लाळेत.

विष करतं तरी काय

या विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन. हे नाव १९०९ साली ताहारा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने दिलं, पण ऑक्टोपसावरून नव्हे, केंड माशावरून. होय, तोच आपला केंड, जाळ्यातून बाहेर काढला की पोट फुगवून चेंडू होणारा आणि जाळी कुरतडून मच्छीमारांना रडवणारा. ऑक्टोपसाच्या लाळेतलं विष आणि केंडाच्या यकृतातलं विष एकच आहे, हे १९७८ साली सिद्ध झालं.

आता ते काम कसं करतं ते पाहू. होडी धक्क्याला लागली की माशांच्या पाट्या कशा उतरवतात ते डोळ्यांपुढे आणा. होडीपासून धक्क्यावरच्या टेम्पोपर्यंत माणसांची रांग उभी राहते. एकाने पाटी दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्याने तिसऱ्याच्या, अशी हातोहात पाटी टेम्पोत पोचते. आपला मेंदू म्हणजे होडी, स्नायू म्हणजे टेम्पो, आणि मधली रांग म्हणजे नस. ‘श्वास घे’ हा मेंदूचा निरोप पाटीसारखा हातोहात पुढे सरकतो. नसेवर जागोजागी बारीक दारं असतात. ती उघडली की मिठातला सोडियम आत शिरतो आणि निरोप एक पाऊल पुढे जातो. हे विष त्या दारांच्या तोंडाशी बुचासारखं बसतं. रांगेतल्या माणसांचे हात कुणी धरून ठेवावेत, तसं होतं. होडीत मासे आहेत, टेम्पो तयार आहे, पण पाटी हलत नाही.

इथे तीन गोष्टी नीट ध्यानात घ्यायला हव्यात, कारण पुढचे सगळे उपचार यांवरच उभे आहेत.

हे विष मेंदूत शिरत नाही. माणूस पूर्ण जागा असतो. त्याला ऐकू येतं, कळतं, फक्त पापणीसुद्धा हलवता येत नाही.

हृदयाच्या स्नायूंतली दारं थोडी वेगळ्या घडणीची असतात आणि हे बूच त्यांत सहजासहजी बसत नाही. म्हणून श्वास थांबला तरी हृदय काही वेळ धडधडत राहतं. ते पुढे थांबतं ते प्राणवायू संपल्यामुळे.

आणि बूच कायमचं बसत नाही. ते सुटतं, लघवीवाटे निघून जातं, दारं पुन्हा उघडतात. रांगेतल्या माणसांचे हात मोडलेले नसतात, नुसते धरून ठेवलेले असतात. साधारण एका दिवसात विषाचा अंमल उतरतो, आणि मधल्या काळात प्राणवायू मिळत राहिला असेल तर माणूस पहिल्यासारखा उठून बसतो. मण्यारीचा दंश आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत असतो. तोही फारसा दुखत नाही आणि तोही श्वास बंद पाडतो. पण मण्यारीचं विष नसेची टोकंच निकामी करतं, ती पुन्हा उगवायला वेळ लागतो, म्हणून तो रोगी कधी कधी अनेक दिवस व्हेंटिलेटरवर राहतो. ऑक्टोपसाच्या बाबतीत आपल्याला काही तास काढायचे असतात.

ओळखायचं कसं

दंश शोधत बसू नका. तो दुखत नाही, रक्त आलं तर टिपूसभर, बऱ्याचदा तेही नाही. खूण सापडली नाही म्हणून काही झालं नाही असं समजणं ही पहिली चूक असते.

साधारण दहाएक मिनिटांत ओठ आणि जीभ बधिर व्हायला लागते, दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यावर होते तशी. तोंडाभोवती झिणझिण्या येतात. मग माणूस सांगतो की एकाचे दोन दिसताहेत, पापण्या जड झाल्यात. जीभ वळत नाही, बोलणं बोबडं होतं, आवंढा गिळता येत नाही, लाळ ओघळते. काहींना मळमळतं, उलटी होते. पायातली ताकद जाते, तो खाली बसतो आणि उठू शकत नाही. शेवटी छाती उथळ हलू लागते, ओठ-नखं निळसर पडतात, आणि श्वास थांबतो. दारू प्यालेल्या माणसाचीही चाल आणि बोलणं असंच बिघडतं, म्हणून किनाऱ्यावर सहलीला आलेल्या तरुणाला ‘चढली असेल’ म्हणून झोपवून ठेवण्याचा धोका खरा आहे. समुद्रातलं काहीतरी हातात घेतल्यानंतर जीभ जड झाली, तर तो धोक्याचा इशारा समजायचा.

यातली सगळ्यांत फसवी खूण शेवटची. पूर्ण लुळ्या पडलेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहू शकतात, उजेड टाकला तरी हलत नाहीत. पाहणारा म्हणतो, संपलं. पण आत तो माणूस ऐकत असतो. म्हणून त्याच्याशी बोलत राहायचं. “तुला कळतंय हे आम्हाला ठाऊक आहे, आम्ही श्वास देतोय, गाडी येते आहे,” असं सांगत राहायचं. हे निव्वळ दिलासा देण्यासाठी नाही. आजूबाजूच्या लोकांनाही कळतं की हा जिवंत आहे, आणि कुणी हात आखडता घेत नाही.

पहिली दहा मिनिटं

आधी त्याला पाण्याबाहेर काढा. पोहताना हात गळले तर विषाआधी पाणीच जीव घेईल. कोरड्या जागी आडवा करा, चालू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि शब्द नीट वापरा : “समुद्रात विषारी दंश, श्वास बंद होण्याची शक्यता, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर लागेल.” ज्या दवाखान्यात नेणार तिथेही पुढे फोन करून हेच सांगा, म्हणजे व्हेंटिलेटर नसेल तर तिथे थांबून वेळ जाणार नाही.

दंश हाता-पायाला असेल आणि जवळ रुंद लवचिक पट्टी असेल, तर दंशाच्या जागेपासून सुरू करून अख्खा हात किंवा पाय घट्ट गुंडाळा, मुरगळलेल्या पायाला बांधतात तेवढा घट्ट, आणि फळी लावून हलणार नाही असा ठेवा. ही पद्धत ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाच्या अखेरीला पुढे आली. त्यामुळे विष अंगात पसरायला उशीर लागतो. पण पट्टी शोधायला कुणी धावत सुटलं आणि इकडे श्वास थांबला, असं होऊ देऊ नका. पट्टी नसेल तर नुसता हात स्थिर ठेवा. श्वास आधी.

श्वास मंदावला किंवा थांबला की तोंडाने श्वास द्यायला लागा. पाठीवर सरळ झोपवा, कपाळावर हात ठेवून मान मागे करा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट बसवा आणि साधारण एक सेकंद फुंकर घाला. मोठ्या माणसाला दर पाच-सहा सेकंदांना एक. लहान मुलाला त्याहून भराभर, दर दोन-तीन सेकंदांना, पण हलकी फुंकर.

शाळेच्या प्रथमोपचार शिबिरात मी हे पुतळ्यावर केलं तेव्हा पहिल्या दोन्ही फुंकरी वाया गेल्या. गालातून फुस्स हवा गेली, पुतळ्याची छाती जागची हलली नाही. शिकवणाऱ्या बाईंनी पुतळ्याची मान आणखी चार बोटं मागे केली आणि म्हणाल्या, “आता.” तिसऱ्या फुंकरीला प्लॅस्टिकची ती छाती वर आली आणि सावकाश खाली बसली. ते वर येणं डोळ्यांत भरून घ्या. छाती वर आली तर श्वास पोचला, नाही आली तर मान पुन्हा बसवा.

उलटी आली तर कुशीवर वळवा, तोंड पुसा, पुन्हा सुरू करा. नाडी लागत नसेल, किंवा आहे की नाही हे कळत नसेल, तर छाती दाबणंही सुरू करा : छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, तीस दाब आणि दोन श्वास. इथे नुसती छाती दाबून भागणार नाही, कारण मूळ अडचण श्वासाची आहे. हे काम दमवतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. गाडीत, होडीत, दवाखान्याच्या दारात, कुठेही खंड पडू देऊ नका.

त्याच्या तोंडातून विष आपल्याला लागेल, ही शंका हमखास येते. दंशाचं विष त्याच्या रक्तात असतं, श्वास देणाऱ्याला त्याचा धोका नाही.

‘औषधच नाही, तर डॉक्टर काय करणार?’

सर्पदंशावर आपण जिला ‘लस’ म्हणतो ती खरं तर घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं असतात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषाविरुद्ध. ती ऑक्टोपसाच्या विषाला लागू पडत नाही. म्हणून दवाखान्यात जाऊन ‘लस द्या’ असा हट्ट धरू नका. या विषाविरुद्ध वापरता येईल अशी लस नाही.

डॉक्टर करतात ते असं : श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावतात, रोगी जागा असल्याने त्याला गुंगीचं औषध देतात, रक्तदाब पडला तर सलाइन आणि औषधांनी सावरतात, आणि वाट पाहतात. हे ‘नुसतं मशीनवर ठेवलंय’ असं नातेवाइकांना वाटतं, पण या विषावरचा पूर्ण उपचार तोच आहे. ऑस्ट्रेलियात ४ वर्षांच्या एका मुलाला हा ऑक्टोपस चावला होता. त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं आणि तो पूर्ण बरा झाला. २००८ साली ती हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उलट १९५४ मध्ये डार्विनजवळ एका तरुणाने असाच ऑक्टोपस खांद्यावर खेळवला आणि तो दगावला. जगभरात या दंशाने झालेले नोंदीतले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

उतारा नसताना माणूस वाचवता येतो, हे कोकणाला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ते लाल विंचवाच्या बाबतीत दाखवून दिलं. या विंचवाने आपल्याकडे माणसं, त्यातही मुलं, मोठ्या संख्येने दगावत. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यासाठी वापरलं. ते विंचवाचं विष मारत नाही. विषाने हृदय आणि रक्तवाहिन्यांवर आणलेला ताण उतरवतं, आणि तेवढा वेळ निभावून नेलं की शरीर स्वतः सावरतं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत ती गोळी दिली जाते. तिथे ताण उतरवायचा असतो, इथे श्वास पुरवायचा असतो. वेळ निभावून न्यायची युक्ती एकच.

लक्षणं ओठांच्या झिणझिण्यांवरच थांबली तरी काही तास दवाखान्यात नजरेखाली राहावं. ‘बरं वाटतंय’ म्हणून घाटातून घरी निघालेल्या माणसाचा श्वास वाटेत अडखळला तर हाताशी काहीच नसतं.

चिरा, दोरी, गरम पाणी

घाबरलेल्या माणसांना काहीतरी करायचं असतं, हे समजू शकतं. पण दंशावर चिरा दिल्याने किंवा तोंडाने ओढल्याने विष बाहेर येत नाही, जखम तेवढी वाढते. दोरीने करकचून बांधलं तर हात काळा पडतो. व्हिनेगर, चुना, हळद यांतलं काहीही नसेवरचं बूच काढू शकत नाही. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल त्याने गाडी निघाल्यावर घालावं, आधी थांबू नये.

गरम पाण्याचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण ते आपल्या अनुभवातलं आहे. पाकटाचा काटा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला की जुनेजाणते हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायला सांगतात, आणि ते अगदी बरोबर आहे. त्या काट्यांच्या विषात प्रथिनं असतात, उष्णतेने ती बिघडतात, ठणका उतरतो. अंडं उकडल्यावर घट्ट होतं, तसंच हे. टेट्रोडोटॉक्सिन प्रथिन नाही. ते उकळून, तळून, कालवण करूनही तसंच राहतं. म्हणून या दंशाला गरम पाणी निरुपयोगी, आणि म्हणूनच केंड कितीही शिजवला तरी खाण्याजोगा होत नाही.

‘तो इथे नाहीच, मग हे आम्हाला कशाला?’

भाच्यानेही हेच विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बरंचसं केंडात आहे. ऑक्टोपस नसला तरी त्याचं विष आपल्या जाळ्यात येतंच. केंड पोटात गेला तर तीच लक्षणं त्याच क्रमाने येतात, ओठ, जीभ, बोलणं, पाय, श्वास. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७४ मध्ये पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाला असताना त्याने या माशाचं यकृत थोडंसंच चाखलं होतं, तरी त्याच्या हातापायांतली शक्ती आणि जाणीव गेली होती. जपानात हा मासा परवानाधारक आचारीच कापतो. आपल्याकडे तो फेकून देतात, ते उत्तम करतात. खलाशी कामासाठी दूरदूरच्या प्रांतांतून येतात, त्यांना मासा नवा असतो, तेव्हा त्यांना हे त्यांच्या भाषेत सांगणं तांडेलाचं, म्हणजे होडीच्या प्रमुखाचं, काम आहे.

मग समुद्रसाप. ते जाळ्यात येतात, आणि जाळं झाडताना हाताला चावू शकतात. तो दंशही फारसा दुखत नाही. नंतर अंग ठणकतं, ताकद जाते, लघवी काळपट होते, श्वास अडतो. चार सापांची आपली लस त्याच्यावर बनलेली नाही. तिथेही दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास टिकवणं आणि मग मशीनचा आधार, हाच मार्ग.

आणि बुडणं. तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर, काशीद, कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून दरवर्षी ती बातमी येते. पाण्यातून काढलेल्या माणसालाही आधी श्वास हवा असतो. निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसासाठी म्हणून शिकलेली फुंकर कोकणात वापरायची वेळ आली, तर ती बहुधा तिथेच येईल. शिवाय आमच्या घराघरांतून कुणी ना कुणी बोटीवर आहे, कुणी सिंगापूरला, कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी अंदमानला फिरायला जातं. ज्यांच्या दारात हा प्राणी नाही, त्यांची मुलं त्याच्या दारात जातात.

साधा ऑक्टोपस चावला तर

लाळेत थोडंफार विष बहुतेक सगळ्याच ऑक्टोपसांच्या असतं, खेकडा लुळा पाडण्यापुरतं. आपल्याकडचा चावला तर दुखतं, रक्त येतं, सूज येते, क्वचित बरेच दिवस खाज राहते. स्वच्छ पाणी आणि साबणाने भरपूर धुवा, दाबून रक्त थांबवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर घ्या. खरा धोका नंतर असतो. समुद्राच्या पाण्यातले जंतू जखमेत शिरले तर ती लाल, गरम होते, लाली वर चढते, ताप येतो. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर ‘बघू उद्या’ म्हणूच नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खडपात हात घालताना

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते आणि खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ भाग, उघडं पडतं. बायका कालवं फोडायला जातात, पाठोपाठ पोरं आणि पाहुणे. ऑक्टोपसाला फट, रिकामा शंख, फुटकी बाटली, पत्र्याचा डबा, यांतली कुठलीही जागा चालते. दिसत नसलेल्या फटीत बोटं घालू नयेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुर्ली दिसली की सगळे विसरतात. पायात चप्पल नको, तळ घट्ट असलेले बूट हवेत. जाळं निवडताना हातमोजे. समुद्रातलं जिवंत काहीही फोटोसाठी अंगावर ठेवू नये.

माझी वहिनी शंख सापडला की तो आधी दगडावर पालथा घालते. पाणी निथळतं, आत कुणी असेल तर सरकून बाहेर येतं. ती तेवढ्यात दोन कालवं फोडते आणि मग शंख पिशवीत टाकते. तिला हे तिच्या सासूने शिकवलं होतं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मगे आमच्या रापणीवर श्वास दिवक कोणाक येता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओढायला इतकी माणसं, पण एकालाही येत नाही. शाळेतला तो पुतळा मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतला आहे. येत्या रविवारी जाळं वर आलं, मासे वाटून झाले, की वाळूवर घोंगडी अंथरून आम्ही तो तिथेच मांडणार आहोत.